हेल्मेटमधला संवाद : किलोमीटरच्या आकड्यापलीकडचा हिशेब

शून्य मैलाचा दगड मिरविणाऱ्या नागपुरातून चारही दिशांना महामार्ग फुटतात. श्रीनगर ते कन्याकुमारी असा उत्तर-दक्षिण धावणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हजिरा ते पारादीप असा पश्चिम-पूर्व जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ यांची गाठ येथेच पडते. मुंबईला जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही येथूनच सुरू होतो. ५ जून २०२५ रोजी तो पूर्ण लांबीने वाहतुकीस खुला झाला. परंतु दुचाकींना त्यावर प्रवेश नाही. त्यामुळे सुटीच्या दिवशी पहाटे शहराबाहेर पडणाऱ्या दुचाकीस्वारांच्या वाट्याला जुनेच रस्ते येतात. पेंचकडे जाणारा जबलपूर मार्ग, सावनेर-सौंसर-छिंदवाड्यावरून पचमढीला पोहोचणारा घाटरस्ता, अमरावती-परतवाड्यामार्गे चिखलदरा आणि उमरेड-भिसी-चिमूर करीत ताडोब्याच्या सीमेला भिडणारी वाट, हे त्यांचे नेहमीचे मार्ग होत. या रस्त्यांवर अवजड ट्रक आहेत, गावोगावचे गतिरोधक आहेत, गुरे आहेत आणि जंगलपट्ट्यात वन्यप्राणीही आहेत.

अशा रस्त्यावर आठ-दहा जणांचा गट निघाला, की एक प्रश्न हमखास उभा राहतो. धावत्या गाडीवरून एकमेकांशी बोलायचे कसे? या प्रश्नाला उत्तर म्हणून हेल्मेटमध्ये बसविण्याची बिनतारी संवादसाधने गेल्या काही वर्षांत बाजारात मुबलक आली आहेत. काही हजार रुपयांपासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत त्यांच्या किमती आहेत. प्रत्येक खोक्यावर पल्ल्याचा एक मोठा आकडा छापलेला असतो आणि बहुतांश खरेदी त्या आकड्याकडे पाहूनच होते. हा निकष कितपत योग्य आहे, याचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही.

विषय हौसेचा असला, तरी त्याची दुसरी बाजू गंभीर आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण दुचाकीवर होते, म्हणजे जवळपास ४५ टक्के. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात काढण्यात आला होता. ज्या वस्तूवर जिवाची एवढी भिस्त आहे, त्या वस्तूत आणि ती घालणाऱ्याच्या कानात काय बसवायचे, याचा निर्णय मोबाईलचे कव्हर निवडावे इतक्या सहजतेने घेता येणार नाही.

बोलायचे तरी काय असते?

साधनांकडे वळण्यापूर्वी गरज नेमकी कोणती, हे पाहणे इष्ट ठरेल. गटाने प्रवास करणाऱ्या दुचाकीस्वारांची स्वतःची खुणांची भाषा पूर्वापार आहे. डावा हात खाली करून हळू होण्याची सूचना द्यायची, खड्डा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा पाय किंचित बाहेर काढायचा, इंधन संपत आल्यास टाकीकडे बोट दाखवायचे, थांबायचे असेल तर दिव्याची उघडझाप करायची. ही भाषा फुकट आहे, तिला बॅटरी लागत नाही आणि ती कोणत्याही कंपनीच्या हेल्मेटवर चालते. तिची मर्यादा एवढीच, की ती समोरच्याकडून मागच्याकडे सहज जाते. मागच्याकडून पुढच्याकडे जात नाही. शेवटच्या गाडीचे चाक पंक्चर झाले, तर पहिल्या स्वाराला ते आरशातली संख्या कमी झाल्यावर कळते. अंधारात, पावसात किंवा वळणावर तर ही भाषा मुकीच होते.

म्हणजे खरी गरज आहे ती मोजक्या आणि तातडीच्या निरोपांची. ‘पुढे गुरे आहेत’, ‘मागून ट्रक ओलांडतोय’, ‘एक गाडी मागे राहिली’, ‘पुढच्या पेट्रोलपंपावर थांबू’ हे निरोप दोन-तीन सेकंदांत संपतात. यांखेरीज जे बोलले जाते ते गप्पांच्या सदरात मोडते. एकट्याने चारशे किलोमीटर गाडी हाकताना येणारा कंटाळा आणि पेंग घालविण्यासाठी गप्पांचाही उपयोग होतो, हे मान्य करावे लागेल. मात्र साधनाची निवड करताना पहिला मान निरोपाला द्यायचा की गप्पांना, हे आधी ठरले पाहिजे.

मोबाईल आणि वॉकीटॉकी

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे खिशातला मोबाईल. कानात हेडसेट घालून सर्वांनी एकत्र कॉल लावायचा, अथवा बटण दाबून बोलण्याची सोय देणारे एखादे ॲप वापरायचे. काही नव्या महागड्या हेडसेटमध्येही मोबाईलच्या जाळ्यावरून संवादाची सोय देण्यात आली आहे. या पद्धतीला अंतराची मर्यादा नाही; एक जण वाडीत आणि दुसरा अमरावतीत असला तरी बोलता येते. अडचण आहे ती जाळ्याची. पेंच, मेळघाट किंवा सातपुड्याच्या घाटात मोबाईलची रेंज जाते-येते आणि ज्या ठिकाणी सोबत्याचा शोध घेण्याची वेळ येण्याचा संभव अधिक, नेमका तेथेच हा पर्याय दगा देतो.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वाहन चालविताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात गणले जाते. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमबदलाने अशा साधनाचा वापर मार्ग शोधण्यापुरता आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करण्यास मुभा दिली. हेल्मेट आणि गाल यांच्या फटीत मोबाईल खोचून बोलत जाणारे महाभाग वर्धा मार्गावर आणि रिंग रोडवर रोज दिसतात. फोन हातात नाही म्हणून आपण नियमात आहोत, असा त्यांचा समज असावा. त्या समजाने मान वाकडी करून गाडी चालविण्यातला धोका तसूभरही कमी होत नाही.

दुसरा पर्याय वॉकीटॉकीचा. चित्रपट आणि पोलिसांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळत असल्याने अनेक गटांनी तो आजमावलाही आहे. येथे कायदा अधिक कडक आहे. भारतात रेडिओलहरींचा वापर करणारे उपकरण बाळगण्यास आणि चालविण्यास सर्वसाधारणपणे परवाना लागतो. त्याला काही ठरावीक पट्ट्यांत सूट आहे. अत्यल्प शक्तीच्या, लघुपल्ल्याच्या वॉकीटॉकींसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्यापलीकडच्या पट्ट्यांत बोलणारे यंत्र परवान्याविना वापरणे बेकायदा ठरते, मग ते कितीही स्वस्त मिळालेले असो. हौशी रेडिओचालकांना म्हणजे ‘हॅम’ मंडळींना वेगळे पट्टे उपलब्ध आहेत. मात्र त्यासाठी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो आणि ती मुभा परवानाधारकापुरतीच असते. गटात एक जण हॅम आहे म्हणून इतर नऊ जणांना ते यंत्र हाताळता येत नाही.

हा केवळ कागदी तपशील राहिलेला नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीबाबत ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्यात अशा उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. उपकरण कोणत्या पट्ट्यात चालते, त्याला परवाना लागतो काय आणि त्याला दूरसंचार विभागाची प्रकारमान्यता आहे काय, हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगितले जावे, असा त्यांचा रोख आहे. अनियंत्रित लहरी पोलीस, विमानवाहतूक किंवा आपत्तीनिवारण यंत्रणेच्या संभाषणात अडथळा आणू शकतात, हे त्यामागचे कारण. दुचाकीस्वारासाठी वॉकीटॉकीची आणखीही एक अडचण आहे. बोलण्यासाठी बटण दाबून धरावे लागते. हँडलवर वेगळे बटण बसवून घेतले नसेल, तर प्रत्येक निरोपासाठी एक हात हँडलवरून सुटतो.

साखळी आणि जाळी

उरतो तो खास हेल्मेटसाठी बनविलेला इंटरकॉम. ही उपकरणे प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. त्यामुळे प्रकारमान्यता असलेला इंटरकॉम वापरण्यास स्वाराला स्वतंत्र परवाना काढावा लागत नाही. पण परवानामुक्तीची अट म्हणजे अल्प शक्ती, आणि अल्प शक्ती म्हणजे मर्यादित पल्ला. नागपूरकरांना हे गणित वेगळ्या अर्थाने परिचित आहे. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा देशाच्या मध्यावरचे ठिकाण म्हणून नागपूरची निवड झाली होती. तेथील मध्यम लहरींच्या प्रक्षेपकाची शक्ती १ हजार किलोवॉट होती आणि रात्री त्याचा आवाज देशभर पोहोचत असे. २०१९ मध्ये ती वाहिनी बंद झाली. हेल्मेटवरच्या ब्लूटूथ यंत्राची शक्ती साधारणतः एका वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच असते, शिवाय त्याच्या लहरी डोंगर किंवा दाट झाडी ओलांडून जाण्यात फार दुबळ्या असतात. समोरचा दिसत असेल तर आवाज स्वच्छ, तो वळणाआड गेला की खरखर, असाच अनुभव येणार हे गृहीत धरावे लागते.

या इंटरकॉमचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला साध्या ब्लूटूथचा. त्यात पहिला स्वार दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी अशी साखळी जोडली जाते. दोघांसाठी, विशेषतः चालक आणि मागे बसलेली व्यक्ती यांच्यासाठी, ही रचना पुरेशी आणि स्वस्त आहे. तीन-चार जणांपर्यंतही ती निभावते. संख्या वाढली की तिचा मूळ दोष उघडा पडतो. मधल्या एकाची बॅटरी संपली, तो चहाला थांबला किंवा नुसता मागे पडला, की साखळी तुटते आणि त्याच्या पलीकडचे सारे मुके होतात. शिवाय गाड्यांचा क्रम बदलला, तर साखळीतले शेजारी रस्त्यावर एकमेकांपासून दूर जातात. पुन्हा जोडणी करायची तर थांबून बटणे दाबत बसण्याखेरीज गत्यंतर नसते.

दुसरा प्रकार ‘मेश’चा, म्हणजे जाळीचा. यात प्रत्येक यंत्र आवाक्यातल्या इतर सर्व यंत्रांशी आपोआप दुवा साधते आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोहोचविते. एक जण निघून गेला तर उरलेले नवी वाट शोधतात. तो परतला की पुन्हा सामावून घेतला जातो. ‘कार्डो’ या इस्रायली कंपनीने २०१५ मध्ये ही पद्धत दुचाकीस्वारांसाठी आणली. पुढे दक्षिण कोरियाच्या ‘सेना’ कंपनीने आपली स्वतंत्र मेश काढली, तर भारतात बंगळुरूच्या ‘ब्लूआर्मर’ने याच धर्तीची यंत्रणा तुलनेने कमी किमतीत उपलब्ध करून दिली. महागड्या यंत्रांत पंधराहून अधिक स्वार एकाच जाळीत बोलू शकतात. दोघांमधले अंतर दीड-दोन किलोमीटर आणि सर्व मिळून आठ किलोमीटर, असे दावे या यंत्रांबाबत केले जातात.

गोम आहे ती सुसंगतीत. एका कंपनीची मेश दुसरीच्या मेशशी सहसा थेट जुळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जोडायची झाल्यास ‘युनिव्हर्सल इंटरकॉम’ नावाची पळवाट वापरावी लागते. त्यात एक यंत्र दुसऱ्याला मोबाईल असल्याचे भासविते आणि संवाद पुन्हा साध्या ब्लूटूथच्या पातळीवर येतो. मेशसाठी मोजलेल्या वाढीव पैशांवर अशा वेळी पाणी पडते. गटातील पाच जणांकडे एका कंपनीची यंत्रे असताना सहाव्याने दुसऱ्या कंपनीचे अधिक चांगले यंत्र घेतले, तर ते त्याच्यापुरते चांगले आणि गटापुरते निरुपयोगी ठरते. इंटरकॉमची खरेदी ही एकट्याची खरेदी नाही, तो गटाचा सामायिक निर्णय आहे, ही बाब पैसे मोजून झाल्यावर उमगते हे दुर्दैव.

आठ किलोमीटर कशासाठी?

आता पल्ल्याच्या आकड्याकडे वळता येईल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखावे, हा सर्वमान्य संकेत. त्या हिशेबाने दोन गाड्यांमध्ये ४४ मीटर अंतर राहील. आठ जणांच्या गटात अशी सात अंतरे असतात, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत साधारण ३१० मीटर. पंधरा जणांचा मोठा गट धरला, तरी ही लांबी ६२० मीटरच्या आसपास भरते. शिस्तीने चालणाऱ्या गटाला आठ किलोमीटरचा पल्ला लागतच नाही. तो लागतो विस्कटलेल्या गटाला.

याचा अर्थ पल्ल्याला काहीच महत्त्व नाही असा नव्हे. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला आणि मध्ये कोणताही अडथळा नसतानाचा असतो. सिल्लेवानीच्या घाटात, तामियाच्या वळणांवर किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना तो किती उरेल, हे डोंगर आणि झाडी ठरविते. दीड किलोमीटरचा दावा करणारे यंत्र तेथे काहीशे मीटरांवर मुके होऊ शकते. म्हणून छापील आकड्याचा मोठा हिस्सा वजा करूनच विचार करणे शहाणपणाचे. पण वजा जाता जे उरते ते गटाच्या लांबीला पुरत असेल, तर त्याहून अधिक किलोमीटरसाठी दहा हजार रुपये जादा मोजण्यात अर्थ नाही. ते पैसे तुटलेला दुवा आपोआप जोडण्याच्या क्षमतेसाठी, वाऱ्यातही शब्द स्पष्ट पोहोचविणाऱ्या मायक्रोफोनसाठी आणि दिवसभर टिकणाऱ्या बॅटरीसाठी खर्च होणे अधिक योग्य.

आणखी एक हिशेब उद्बोधक आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर मागे असलेला स्वार पुढच्याच्या जागी ४५ सेकंदांनी पोहोचतो. पुढच्याने दिलेली ‘रस्त्यात गाय आहे’ ही सूचना तोवर शिळी झालेली असते. गाय कदाचित रस्त्यावरून हललेली असेल, कदाचित दुसरी आलेली असेल. धोक्याच्या सूचनेचे मूल्य शे-दोनशे मीटरांत असते. त्यापलीकडचा संवाद फक्त कोण कुठे आहे हे कळण्यापुरता.

ऊन, पाऊस आणि कान

नागपूरच्या ग्राहकाला परदेशी चाचण्यांवर विसंबून चालणार नाही, याचे एक कारण हवामान. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उन्हात गाडीच्या टाकीवर ठेवलेल्या काळ्या हेल्मेटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. या यंत्रांतील लिथियम बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे मे महिन्यात दुपारी धाब्यावर थांबल्यावर तापलेल्या यंत्राला लगेच पॉवर बँक जोडणे ही सवय बॅटरीच्या आयुष्याच्या मुळावर येते. सहज काढता येणारे यंत्र घ्यावे, थांबल्यावर ते काढून सावलीत ठेवावे आणि गार झाल्यावरच चार्ज करावे, हे यातून निघणारे व्यवहारी सूत्र. पावसाळ्यासाठी ‘आयपी ६७’ दर्जा पाहावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती चाचणी आहे. मात्र चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण सैल झाले की त्या दर्जाचा उपयोग राहत नाही.

दुसरा मुद्दा हेल्मेटचा. कायद्याच्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा अशा दोघांनाही प्रमाणित हेल्मेट बंधनकारक आहे आणि १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसलेले हेल्मेट विकता येत नाही. अशा प्रमाणित हेल्मेटच्या आतील फेसाचा थर स्पीकर बसविण्यासाठी कोरला, तर धक्का शोषून घेणारा भागच निकामी होतो. कवचाला भोक पाडणे त्याहून वाईट. कानाजवळ स्पीकरसाठी मुळातच खोबण ठेवलेली हेल्मेटे मिळतात. बेळगावच्या ‘वेगा’सारख्या देशी उत्पादकांनी तर ब्लूटूथ बसविलेली हेल्मेटेही बाजारात आणली आहेत. युरोपातील ‘२२.०६’ या नव्या नियमावलीत हेल्मेटसोबत जोडसाधनांचाही विचार चाचणीत करण्यात आला आहे. भारतीय ग्राहकाने निदान चिकटपट्टीने किंवा चिमट्याने बसणारे, कवचाला इजा न करणारे यंत्र निवडणे, एवढी दक्षता घेतलीच पाहिजे.

तिसरा मुद्दा कानांचा. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांहून अधिक काळ ऐकणे श्रवणशक्तीस घातक मानले जाते. वाऱ्यावर मात करण्यासाठी इंटरकॉमचा आवाज आणखी वाढविणे म्हणजे कानावर दुहेरी मार. त्यातच स्पीकर कानाच्या भोकासमोर न येता इंचभर सरकला, तर आवाज निम्मा वाटतो आणि स्वार तो आणखी चढवितो. चांगल्या यंत्राला दोष देण्यापूर्वी त्याची बसवणूक तपासून घ्यावी, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये हनुवटीच्या भागात चिकटविण्याचा छोटा मायक्रोफोन आणि उघड्या हेल्मेटला दांडीवरचा मायक्रोफोन, हा फरकही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावा लागतो.

हात मोकळे, पण मन?

सर्वांत कळीचा मुद्दा मात्र यंत्रापलीकडचा आहे. कायदा हातातल्या साधनाला हरकत घेतो. मनातल्या गुंतवणुकीचे मोजमाप त्याच्याकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, वाहन चालविताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणारी साधने त्या बाबतीत फारशी सुरक्षित नाहीत, असे नमूद केले होते. अडथळा हाताचा नसून लक्षाचा असतो, हा त्याचा मथितार्थ.

इंटरकॉमच्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल. घरून किंवा कार्यालयातून फोन करणाऱ्याला रस्ता दिसत नसतो. समोर ट्रक आडवा आला तरी त्याचे बोलणे थांबत नाही. शेजारी बसलेला प्रवासी मात्र रस्ता पाहत असतो आणि अडचणीच्या क्षणी आपोआप गप्प होतो, असे अभ्यासांतून आढळले आहे. एकाच रस्त्यावर चालणारे स्वार हे काही अंशी त्या प्रवाशासारखे. परंतु ही सूट अर्धवट आहे. तीनशे मीटर पुढच्या स्वाराला मागच्याच्या समोरचा खड्डा दिसत नाही. त्याचा प्रश्न ऐन वळणात येऊ शकतो, आणि उत्तर देण्याची सवय माणसाला इतकी जडलेली असते, की गप्प राहणे त्याला उद्धटपणाचे वाटते.

म्हणून ज्या गटांना या साधनाचा खरा लाभ करून घ्यायचा आहे, त्यांनी यंत्राबरोबर शिस्तही ठरविणे अगत्याचे आहे. पहिल्याने धोका सांगायचा, शेवटच्याने गटाची खबर द्यायची आणि मधल्यांनी गरज पडल्यासच बोलायचे. निरोप तीन-चार शब्दांचा असावा: धोका काय आणि कोणत्या बाजूला. शहरातून जाताना, घाटात आणि ट्रक ओलांडताना गप्पा बंद. निरोपाला उत्तर न आल्यास ते पुन्हा पुन्हा न विचारता पुढच्या ठरलेल्या थांब्यावर वाट पाहायची. आणि यंत्र सुरू असले तरी हातांच्या खुणा सोडायच्या नाहीत, कारण बॅटरी संपण्याची वेळ सांगून येत नाही. ही शिस्त पाळणाऱ्या गटाला पाच हजारांचे यंत्रही पुरते. न पाळणाऱ्याला पस्तीस हजारांचे यंत्र गोंगाटाखेरीज काही देत नाही.

निवडीचा क्रम

या साऱ्याचा विचार करता निवडीचा क्रम बाजार सांगतो त्याच्या उलटा असावयास हवा. प्रथम हेल्मेट प्रमाणित आणि सुस्थितीत आहे काय, ते पाहावे. ते नसेल तर इंटरकॉमचे पैसे आधी हेल्मेटवर खर्च करावेत. नंतर गट किती जणांचा आणि कितपत स्थिर आहे, ते पाहावे. पती-पत्नी एकाच गाडीवर फिरत असतील किंवा दोन-तीन मित्र नेहमी एकत्र जात असतील, तर साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरेसा आहे. पाच-सहा जणांहून मोठा आणि क्रम बदलत जाणारा गट असेल, तर मेशला पर्याय नाही. पण त्या वेळी सर्वांनी एकाच जातीची यंत्रे घेण्याचे ठरवूनच पाऊल उचलावे. एकट्याने फिरणाऱ्याला इंटरकॉमपेक्षा मार्ग सांगणाऱ्या आवाजाची गरज अधिक; त्याचे काम साध्या हेडसेटवर भागते. वॉकीटॉकीकडे वळायचेच असेल, तर परवानामुक्त पट्टा आणि प्रकारमान्यता यांची खातरजमा विक्रेत्याकडून लेखी करून घ्यावी. बॅटरी, पाऊस, मायक्रोफोन आणि दुरुस्तीची सोय यांचा विचार त्यानंतर. आणि पल्ल्याचा आकडा सर्वांत शेवटी.

यंत्रणांनीही काही गोष्टी मनावर घेण्याजोग्या आहेत. नागपूर शहर रस्तासुरक्षेतील तंत्रज्ञानाला अपरिचित नाही. महापालिकेच्या बसगाड्यांवर धडकेची पूर्वसूचना देणारी उपकरणे बसविण्याचा ‘आयरास्ते’ प्रकल्प २०२१ मध्ये याच शहरात सुरू झाला. त्यात बसचालकाला सावध करण्याचा विचार झाला. जिथे बळींचा आकडा सर्वाधिक आहे, त्या दुचाकीस्वाराच्या कानात काय वाजते आहे, याचाही विचार तितक्याच शास्त्रीय पद्धतीने व्हावयास हवा. हातातल्या फोनपुरता बोलणारा नियम हेल्मेटमधील साधनांबाबत अधिक स्पष्ट होणे, हेल्मेटला जोडसाधन बसविण्याचे प्रमाण निश्चित होणे आणि कंपन्यांच्या यंत्रांना परस्परांशी बोलायला लावणारा समान दंडक येणे, या तीन गोष्टी झाल्या तर ग्राहकाची फरफट पुष्कळशी थांबेल. मोबाईलच्या चार्जरबाबत समान दंडकाचा आग्रह जगभर धरला गेला. त्या मानाने येथे तर जिवाचा प्रश्न आहे.

तोवर निर्णय स्वाराच्याच हाती आहे. मनसरच्या पुढे जंगल सुरू होते तेव्हा गटातल्या प्रत्येकाला एवढेच कळायला हवे असते, की पुढे काय आहे आणि मागे कोण राहिले आहे. एवढे ज्या साधनाने आणि ज्या शिस्तीने साधते, ती निवड योग्य. मग खोक्यावर किलोमीटर कितीही कमी छापलेले असोत.